डॉक्टर ल्याव यांच्या भाषणाचा उरलेला भाग

भाषणांनी इतिहास बदलतो. माणसाच्या पायातली बेडी आधी शब्दाने तुटते, हातोड्याचं काम नंतर येतं. हे मी ऐकीव सांगत नाही. तीनशे अकरा भाषणं मी स्टेजवर, वक्त्यापासून चार हातांवर बसून ऐकली आहेत. त्यांतली पूर्ण झाली दोन. उरलेली तीनशे नऊ मधेच बंद पाडली गेली, आणि ती बंद पाडायला हातभार लावण्याबद्दल मला दरमहा पगार मिळत होता.

मी सोआकिओच्या पोलीस ठाण्यात दुभाष्या शिपाई होतो. तैवानवर जपान्यांचं राज्य येऊन तेव्हा तीस वर्षं झाली होती. जाहीर सभा घ्यायला सरकारची हरकत नव्हती. फक्त स्टेजवर वक्त्याच्या बाजूला पोलिसांची खुर्ची ठेवायची. त्या खुर्चीत कमरेला तलवार लावलेले फौजदार ओनिझुका बसत आणि त्यांच्या मागे स्टुलावर मी. वक्ता आमच्या भाषेत बोलायचा, मी ते जपानीत करून फौजदारांच्या उजव्या कानात सोडायचो. डाव्या कानाने त्यांना ऐकू येत नसे. वाक्य जरा गरम वाटलं की ते बसल्या जागी ‘चूई’ म्हणत, म्हणजे जपून. जास्त गरम वाटलं की उभे राहून ‘चूशी’ म्हणत, म्हणजे बंद. चूशी झालं की वक्त्याने, अर्धा शब्द तोंडात असला तरी, खाली उतरायचं आणि दुसऱ्याने चढायचं. एका दुपारी बारा-बारा वक्ते मी असे उतरताना पाहिले आहेत.

स्वातंत्र्य आणि समता हे शब्द आमच्या गावाला कोणी शिकवले असं विचाराल, तर फौजदारांनी. शब्द नवे होते, तोक्योला शिकायला गेलेल्या पोरांच्या ट्रंकांतून आलेले. देवळाच्या पटांगणात उभे असणारे उसाचे गाडीवान, मासेवाल्या, सुतार यांना त्यातलं निम्मं कळत नसे. पण वक्ता एक शब्द उच्चारतो आणि तलवारवाला माणूस ताडकन उठतो, हे सगळ्यांना कळायचं. ज्या शब्दाला सरकार उठून उभं राहतं त्यात काहीतरी असणारच. शिंपले विकणाऱ्या एका बाईने ‘समता’ हा शब्द घरी नेऊन सासऱ्यापुढे म्हणून पाहिला. सासराही उठून उभा राहिला. हातात चप्पल घेऊन. तिची खात्री पटली की शब्द चांगला आहे.

थट्टा सोडा. फरक पडत होता. ऊस घालणारे लोक साखर कारखान्याच्या वजनकाट्याशेजारी आपला माणूस उभा करा म्हणू लागले होते. बायका आधी देवळाच्या खांबांआडून ऐकायच्या, त्या पुढे येऊन बसू लागल्या होत्या. गाडीवानाला ‘ए’ म्हटलं तर तो मागे वळून बघेनासा झाला होता. हे सगळं अर्ध्या-अर्ध्या भाषणांनी झालं. पूर्ण भाषणांनी काय होईल या कल्पनेने लोकांची छाती दडपायची.

या सगळ्यात मोठं नाव डॉक्टर ल्याव यांचं. गावात त्यांना ल्याव सिनसे म्हणत, म्हणजे गुरुजी, वैद्य, सगळंच. उंच, शिडशिडीत, पांढरा सूट, आणि आवाज असा की मागच्या रांगेतल्या बहिऱ्यालाही वाटावं, आपल्याला बरं वाटतंय. ‘चार हजार वर्षांच्या बेड्या’ हे त्यांचं भाषण बावीस देवळांत झालं आणि बावीस देवळांत बंद पडलं. प्रत्येक वेळी एकाच जागी. माणूस माणसाचा मालक असू शकत नाही, माणूस विकत घेता येत नाही, चार हजार वर्षं आपण बेड्यांना दागिने म्हणत आलो, असं चढत चढत ते यायचे, हात वर करायचे आणि म्हणायचे, ‘म्हणून, बंधुभगिनींनो’. तिथे चूशी. मग फटाके, मग खांद्यावर घेऊन मिरवणूक, मग कोणाच्या तरी अंगणात बारा पदार्थांची पंगत.

‘म्हणून’च्या पुढे काय आहे यावर गावात पैजा लागायच्या. शाळामास्तर म्हणायचे, पुढे स्वतंत्र संसदेचा आराखडा आहे. कोळी म्हणायचे, तारीख आहे, कशाची ते विचारू नका. मला वाटायचं, त्या दोन शब्दांपुढे जे काही आहे ते मी आणि ओनिझुका मिळून लोकांपासून हिरावून घेतोय. ही गोष्ट मनाला लागायची. लागायची आणि मी पगार घ्यायचो.

आता बोंगचीबद्दल सांगायला हवं. ती डॉक्टरांच्या घरची मोलकरीण. मोलकरीण म्हणजे महिन्याला पगार घेणारी नव्हे, विकत आणलेली. बोंगची म्हणजे ‘झालीच आहे तर पोसू’. आईबापांनी हे नाव ठेवलं आणि सातव्या वर्षी पोसणंही दुसऱ्यावर सोपवलं. सरकारी कायद्याने अशी खरेदी बंद होती, पण कागदावर ‘दत्तक मुलगी’ लिहिलं की कायदा समाधानाने मान डोलवायचा. रिवाज असा की अशा मुलीला अठरावं लागलं की लग्न करून द्यायचं किंवा मोकळं सोडायचं. बोंगचीला चोविसावं चालू होतं. डॉक्टरीणबाईंनी आधी सांगितलं, धाकट्याची परीक्षा होऊ दे. मग म्हणाल्या, सासूबाईंचं सुतक फिटू दे. मग दवाखान्याचा नवा मजला बांधून होऊ दे. मजला बांधून झाला, तेव्हा तो पुसायला माणूस लागायचं निघालं.

सभेत वक्त्याला गरम चहा नेऊन द्यायचं काम तिचंच. त्यामुळे बावीस देवळांत ती बावीस वेळा स्टेजच्या पायरीशी किटली घेऊन उभी राहिलेली. घरी डॉक्टर अंगणात सराव करायचे तेव्हा ती चुलीतले कोळसे फुंकायची; त्या घरात चूल पेटवणारी तीच एक. भाषण तिला पाठ होतं, ‘म्हणून’पर्यंत.

माझ्या पोटाचं औषध घ्यायला मी दवाखान्याच्या मागल्या दाराने जायचो, कारण पुढल्या दारी पोलीस दिसला की रोग्यांचा ताप उतरायचा. मार्गशीर्षातली गोष्ट. बोंगचीने पुडी माझ्या हातात दिली आणि सोडली नाही.

“किम-हिया, एक काम होतं,” ती म्हणाली. हिया म्हणजे थोरला भाऊ. माझ्या गणवेशाला आजवर कोणी भाऊ म्हटलं नव्हतं.

“बोल.”

“ते पुढचं एकदा होऊ द्याल का?”

“कुठलं पुढचं?”

“सिनसे ‘म्हणून’ म्हणतात आणि तुमचा साहेब उठतो. त्याच्या पुढचं. मला ऐकायचंय.”

मी विचारलं, घरी सराव करतात तेव्हा ऐकलं नाही का. ती म्हणाली, घरीही ‘म्हणून’पर्यंत येतात आणि चहा मागतात. पुढचं गुपित असणार, भिंतींना कान असतात म्हणून घरी बोलत नसणार. मग तिने खरी गोष्ट सांगितली. समुद्राकाठच्या गावात तिची थोरली बहीण लव्हाळ्याच्या टोप्या विणायची. टोप्यांच्या कारखान्यात तिने बोंगचीसाठी एक जागा राखून ठेवली होती, पण हिवाळी सणापर्यंतच. त्यानंतर ती दुसरीला जाणार. सणाला नऊ दिवस उरले होते. बाईंना विचारलं तर बाई म्हणाल्या, सिनसेंना विचार. सिनसेंना विचारलं तर ते म्हणाले, मी सध्या समाजाच्या कामात आहे.

“माणूस विकत घेता येत नाही असं म्हणतात ना ते,” बोंगची म्हणाली. “मग ज्यांना आधीच घेतलंय त्यांचं काय करायचं, ते पुढे सांगितलं असेलच की. एवढा शिकलेला माणूस. ते त्यांनी चारचौघांत म्हटलं की मला घरी काही मागायला नको.”

तिच्या बोलण्यात काडीचा उपरोध नव्हता. देशभरात समतेवर बोलणाऱ्या माणसाच्या भाषणावर सर्वांत जास्त विश्वास कोणाचा होता, तर त्याने विकत घेतलेल्या बाईचा. मी म्हटलं, बघतो. पोलिसाच्या तोंडचं ‘बघतो’ म्हणजे काय ते तिला माहीत होतं, तरी तिने पुडी सोडली.

पुढची सभा माझू देवीच्या देवळात, सणाच्या चार दिवस आधी, भर दुपारी होती. सहाशे माणूस. सेवापूर्तीला दोन वर्षं उरलेल्या शिपायाने करू नये ते मी त्या दिवशी केलं. फौजदार ओनिझुकांचं एकच प्रेम होतं, सांडपाणी. गावात पटकी होऊ नये म्हणून ते स्वतः काठी घेऊन गटारं मोजत फिरायचे. आमच्या लोकांना त्यांनी आयुष्यात एकच गोष्ट कळकळीने सांगितली, ती म्हणजे झाकणं लावा.

डॉक्टर उभे राहिले आणि म्हणाले, चार हजार वर्षं आपण या बेड्यांत जगतो आहोत. मी साहेबांच्या उजव्या कानात म्हणालो, चार वर्षं या गटारांत गाळ साचलाय. साहेबांनी भुवया वर केल्या. डॉक्टर म्हणाले, वरच्यांचा भार खालच्यांनी का सोसायचा? मी सांगितलं, वरच्या आळीची घाण खालच्या आळीत का यायची? साहेबांनी मान हलवली. डॉक्टर गरजले, उखडून टाका ही व्यवस्था. मी म्हणालो, खणून काढा म्हणतोय, उताराने नवीन बांधा. साहेब पुढे सरकून बसले. तीन वर्षांत त्यांना त्या माणसाचं बोलणं प्रथमच पटत होतं.

डॉक्टरांनी हात वर केला. “म्हणून, बंधुभगिनींनो,” ते म्हणाले, आणि खांदे जरासे खाली सोडले, उतरायची तयारी असल्यासारखे.

कोणी उठलं नाही.

डॉक्टरांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी ‘चालू द्या’ अशी हाताने खूण केली. पटांगणात सहाशे माणसं श्वास धरून. भुईमूग सोलणाऱ्यांचे हात थांबले. शाळामास्तरांनी खिशातून वही काढली. पायरीशी बोंगची, हातात किटली, आणि तिचं तोंड किंचित उघडं, जसं प्रसादाला हात पुढे करताना होतं.

डॉक्टरांनी घसा साफ केला आणि बेड्यांपासून पुन्हा सुरुवात केली. या वेळी जास्त मोठ्याने. माणूस विकत घेता येत नाही हे वाक्य तर त्यांनी साहेबांकडे तोंड करून, जवळजवळ विनवणीच्या सुरात म्हटलं. मी म्हणालो, झाकणांबद्दल बोलतोय. साहेबांनी टाळी वाजवली. एकच, पण वाजवली.

“म्हणून,” डॉक्टर म्हणाले. कपाळावर घाम. “म्हणून, बंधुभगिनींनो, आपण सर्वांनी... यापुढे... सभेला वेळेवर येत जावं.”

आणि चहासाठी हात पुढे केला.

माझं आयुष्य पोलीस खात्यात गेलं. चोर पाहिले, दारुडे पाहिले, नदीत फुगलेली प्रेतं पाहिली. पण त्या रिकाम्या जागेइतकं ओंगळ मी काही पाहिलं नाही. तीन वर्षं, बावीस देवळं, आणि पुढे काही नव्हतंच. कधीच लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरज काय, सरकार होतं ना थांबवायला. आम्ही त्यांचा शब्द हिरावून घेत नव्हतो, आम्ही त्यांची अब्रू झाकत होतो. त्या क्षणी मला तलवार ओनिझुकांची नव्हे, माझ्या कमरेला हवी होती.

बोंगचीने कपात चहा ओतला नाही. किटली पायरीवर ठेवली आणि अंगरख्याला हात पुसले.

“सिनसे, मग मी जाऊ ना?” तिने विचारलं. तिचा आवाज मोठा नव्हता, पण पटांगण इतकं गप्प होतं की शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

डॉक्टर ओठ न हलवता म्हणाले, घरी बोलू.

“घरी तुम्ही बोलत नाही. तुम्ही इथेच बोलता,” ती म्हणाली. “सात वर्षांची होते तेव्हा मला आणलंत. अठरा झाली की सोडू म्हणालात. चोवीस झाली. माणूस विकत घेता येत नाही असं तुम्ही आत्ता म्हणालात. आज दोनदा म्हणालात. म्हणून मी जाते बहिणीकडे.”

डॉक्टर सर्रकन वळले, बोट तिच्यावर रोखलं आणि जपानीत म्हणाले, “चूशी.”

स्वातंत्र्यावर बावीस वेळा बोललेल्या माणसाच्या तोंडून ऐन वेळी तोच शब्द आला. आणि सहाशे माणसांपैकी, ज्यांनी समतेवर डोळे पुसले होते, फटाके लावले होते, त्यांच्यापैकी एकही उठला नाही. चहाच्या व्यापाऱ्याने तर शेजाऱ्याला सांगितलं, हल्ली नोकर फार बोलायला लागलेत. शिंपलेवाली तेवढी उभी राहिली, तिला नवऱ्याने बाहीला धरून खाली बसवलं.

उठले ते ओनिझुका. आपला शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकून त्यांचा हात सवयीने तलवारीकडे गेला होता. हे काय चाललंय, असं त्यांनी मला विचारलं.

मी सांगितलं, ही बाई याच्याच घरची आहे. ती म्हणते, हा गावाला सांगतो आणि याच्या स्वतःच्या घरचं सहा वर्षं तुंबलंय. ती तक्रार करते म्हणून तिला गप्प बसवतोय.

साहेबांचा चेहरा पटकीचा रोगी पाहिल्यासारखा झाला. ते स्टेजच्या टोकाला आले आणि जपानीत म्हणाले, बाईची तक्रार रास्त आहे. उद्या सकाळपर्यंत ती मिटवा. नाहीतर मी स्वतः घरी येऊन तपासणी करीन.

याचं भाषांतर मी लोकांना शब्दाला शब्द ठेवून ऐकवलं. माझ्या नोकरीतलं ते सगळ्यांत प्रामाणिक भाषांतर.

डॉक्टरांना जपानी माझ्याहून चांगलं येत होतं. ते मध्ये पडू शकत होते. पण पडून काय सांगणार? की साहेब, तक्रार गटाराची नाही, घरात विकत घेतलेली बाई आहे, तिची आहे? तपासणीला साहेब घरी आले आणि दत्तक मुलगी कोळशाच्या खोलीत झोपताना सापडली तर? डॉक्टरांनी साहेबांना वाकून नमस्कार केला. अगदी कमरेतून.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोंगची निघाली. डॉक्टरीणबाईंनी तिचं बोचकं दोनदा सोडून पाहिलं, सतरा वर्षं जिने घर राखलं ती जाताना चमचा नेईल म्हणून. कारखान्याच्या ऊस वाहणाऱ्या आगगाडीला मागे एक माणसांचा डबा असायचा, त्याच्यापाशी मी पहाऱ्यावर होतो. पहारा माझा नव्हता, मी मागून घेतला होता. ती डब्यात चढली आणि खिडकीशी बसली.

“पुढे काहीच नव्हतं, हिया,” ती म्हणाली.

“नव्हतं.”

“मला वाटायचं, तुम्हीच अडवता.”

“मलाही तसंच वाटायचं.”

तिने बोचकं मांडीवर ओढलं. मग म्हणाली, “पण तिथवरचं खरं होतं.” गाडी हलली.

सभा भरवणाऱ्या मंडळींनी त्या संध्याकाळी बैठक घेऊन ठराव केला. नोकरांच्या वर्तनाबद्दल खेद, आणि यापुढे चहा पुरुषांनीच न्यावा. एकमताने. मी तो ठराव जपानीत करून फायलीत लावला. लावताना पिन माझ्या अंगठ्यात गेली. मंडळींचा राग डॉक्टरांवर नव्हता. त्यांचा राग, भाषण खरं मानणाऱ्या बाईवर होता. जपानी लोक आम्हांला हीन समजतात, याची चीड याच मंडळींनी मला शिकवली होती, आणि शिकवली हे बरं केलं. पण चीड अर्धी शिकवून कशी चालेल?

चौथ्या दिवशी, ऐन सणाच्या सकाळी, डॉक्टर ल्याव माझ्या दारात उभे. पांढरा सूट होता, पण इस्त्री नव्हती आणि बाहीला काजळी. मला अपेक्षितच होतं. तीन दिवस मी मनात एक भाषण जुळवत होतो. माझ्या आयुष्यातलं पहिलं आणि पूर्ण. त्यात बेड्या होत्या, दागिने होते, कोळशाची खोली होती, आणि ‘म्हणून’च्या पुढे चांगला पंधरा मिनिटांचा मजकूर होता.

त्यांनी आधी आपलं बोलून घेतलं. मी स्वतःच्या लोकांशी गद्दारी केली, म्हणाले. मी मुद्दाम चुकीचं भाषांतर केलं हे त्यांना कळलंय, वरिष्ठांना कळवलं तर माझी नोकरी जाईल, पण ते तसं करणार नाहीत, कारण त्यांचा लढा व्यक्तींशी नाही, व्यवस्थेशी आहे. नवी बाई बघितली, तर ती पगार मागते आणि महिन्यातून दोन सुट्ट्या. लोकांना स्वातंत्र्याचा अर्थच कळलेला नाही. आवाज चढत चढत तिथे आला, जिथे ते हात वर करायचे. हात त्यांनी वर केलाही.

मी उठून उभा राहिलो. माझ्या भाषणाचं पहिलं वाक्य जिभेवर आलं होतं.

डॉक्टरांनी हात खाली घेतला, मागे रस्त्यावर कोणी नाही ना ते पाहिलं आणि हळूच म्हणाले, “बाबा रे, तुला पेज करता येते का? तांदळात पाणी किती घालायचं, तेवढं सांग.”